मान डोलावणारे सर

माझा दादा आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो. तो विज्ञान, मी भाषा. शाळेत मी त्याला 'सर' म्हणायचे, घरी 'दादा', आणि डोकं फिरलं की दोन्ही सोडून 'अहो शास्त्रज्ञ'. माझं डोकं वरचेवर फिरतं. आम्ही एकाच घरात राहतो, त्यामुळे ते बघायला वहिनी कायम हजर असते. ती म्हणते, या भावंडांत राग सगळा धाकटीच्या वाट्याला आला आणि व्यवहार कोणाच्याच नाही. वहिनी फार बोलत नाही, पण बोलली की असं बोलते.

दादाची प्रयोगशाळा तळमजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. लांबलचक टेबलं, त्यांच्यावर आम्लाचे डाग, गॅसच्या नळ्या, आणि मागे सामानाची एक अंधारी खोली. बुधवारी शाळा सुटली की तिथे विज्ञान मंडळ भरायचं. परीक्षेत जे विचारत नाहीत ते सगळं तिथे चालायचं. लिंबातून वीज काढ, पुठ्ठ्याचा कॅमेरा कर, पाण्यावर सुई तरंगव. दादाचा एकच हट्ट असे, की सरांनी काही करून दाखवायचं नाही. करायचं मुलांनी, सरांनी खिशात हात घालून उभं राहायचं.

पहिल्या वर्षी काय व्हायचं, मुलगे टेबलाला गराडा घालायचे आणि मुली मागे उभ्या राहून निरीक्षणं लिहायच्या. दादाने ते पाहिलं आणि नियमच केला, गेल्या वेळी ज्याने लिहिलं त्याच्या हातात या वेळी वस्तू. मुलगे कुरकुरले. मग तो मुलींच्या घरी गेला, त्यांच्या आयांशी बोलला, उशीर झाला तर मी स्वतः घरी सोडीन म्हणाला. आणि सोडायचाही. पुढे दादा आणि मागे बडबडणाऱ्या मुलींची रांग, असं ते लटांबर रस्त्याने जाताना मी कितीदा पाहिलं आहे.

म्हणून ती तक्रार आली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका मुलीच्या वडिलांनी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं की विज्ञानाचे सर मुलींना मोजतच नाहीत. मुलगा बोलला की लगेच उत्तर, मुलगी बोलली की सर भलतीकडे बघतात. बाईंनी दादाला बोलावून विचारलं. बाई सरळ आहेत, त्यांनी आवाज चढवला नाही. दादा शिक्षकांच्या खोलीत परत आला, खुर्चीत बसला आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिला.

"कोण आहे तो बाप?" मी म्हटलं. "मला फक्त सांग, मी बघते त्याच्याकडे."

"अगं, पण पोरगी खोटं कशाला सांगेल? माझ्याकडूनच काहीतरी होत असणार."

असा हा माणूस. कोणी अंगावर चिखल उडवला तर हा आधी माती कुठल्या प्रकारची आहे ते बघणार. मी वैतागून वर्गावर गेले आणि त्या दिवशी माझ्या वर्गाने विनाकारण बोलणी खाल्ली.

नेमकं काय होत होतं ते पुढे मंडळातल्याच एका प्रयोगात उघडं पडलं. एक छोटं यंत्र होतं, त्याला स्पीकर जोडलेला. खुंटी फिरवली की आवाज तेवढाच मोठा राहून बारीक, टोकदार होत जातो. मुलांनी डोळे मिटून हात वर करायचा आणि ऐकू येणं थांबलं की खाली घ्यायचा. मी घराची किल्ली मागायला गेले होते, ती गंमत बघत दारातच थांबले.

दादाने खुंटी फिरवली. आवाज शिट्टीसारखा झाला, मग त्याहून बारीक. दादा थबकला. त्याने स्पीकरला कान लावला, टिचकी मारली, वायर काढून परत खोचली. "बिघडलं वाटतं," असं स्वतःशीच म्हणाला. माझ्या कानाला तर तो आवाज टोचत होता. दादा वायरशी झटत होता आणि त्याच्या पाठीमागे सगळ्या मुलांचे हात वर होते. मग तो वळला. डोळे मिटून बसलेली ती मुलं आणि ते हात बघून तो जागच्या जागी थांबला. थोड्या वेळाने त्याने खुंटी उलटी फिरवायला सुरुवात केली. खाली, आणखी खाली. ज्या आवाजाला कोणी बारीक म्हणणार नाही असा आवाज त्याला पहिल्यांदा ऐकू आला आणि त्याचा हात थांबला. मुलांचे हात तसेच वर होते.

घरी चालत जाताना तो मला वर्गात समजावल्यासारखं समजावत होता. "जाड आवाज येतो मला. तुझा येतो, मुलग्यांचे आवाज फुटलेत, त्यांचाही येतो. बारीक आवाज आधी जातात. मुलींचे, लहान मुलांचे. म्हणजे तो बाप बरोबरच बोलत होता."

कारण सापडलं म्हणून त्याला बरंच वाटत होतं, देवाशपथ सांगते. भर रस्त्यात मलाच रडू फुटलं.

कानाच्या डॉक्टरांकडे वहिनीने त्याला ओढून नेलं. कानात घालायचं यंत्र मिळालं. ते घालून तो वर्गात गेला आणि दुपारी कपाळ धरून परत आला. बाक सरकला की डोक्यात घण पडतात, म्हणाला, आणि एवढं सोसून मुलींचं बोलणं काही धड कळत नाही. सवय व्हायला वेळ लागतो असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण कानात यंत्र दिसलं की पहिला प्रश्न मुख्याध्यापिकाबाई विचारणार. प्रयोगशाळेत जो मोठा माणूस उभा असेल त्याला गॅसची फुसफुस आणि पोराची हाक ऐकू आलीच पाहिजे, हा त्यांचा नियम होता. नियमात खोट काढायला जागा नव्हती. बाईंना कळलं असतं तर प्रयोगशाळा गेली असती आणि तिच्याबरोबर मंडळही. यंत्र कपाटाच्या खणात गेलं.

"निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत," दादा म्हणाला. "तेवढी काढू दे मला. गॅसच्या नळ्या मी बंदच करून टाकतो. ज्योत पेटवावी लागेल असं काही करणारच नाही मंडळात."

मी भांडले, नेहमीसारखी. दादापुढे माझी डाळ शिजत नाही, तेव्हाही शिजली नाही. आणि खरं सांगायचं तर मंडळाशिवायचा दादा मला डोळ्यांपुढे आणता येत नव्हता.

मग त्याने एक उपाय काढला. मुलगी बोलायला लागली की तो तिच्याकडे वळायचा, वाकायचा, तिचं बोलणं पुरं होईपर्यंत हसत ऐकल्यासारखं करायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "छान. असंच पुढे जा." बस. मुलींना वाटलं, सर बदलले. तक्रार करणारे वडील स्वतः येऊन आभार मानून गेले. बाईंनी शिक्षकांच्या बैठकीत कौतुक केलं, चूक दाखवली तर माणसाने अशी सुधारावी म्हणून. दादा खाली मान घालून बसला होता. सगळ्यांना तो विनय वाटला.

मंडळात नववीतली एक मुलगी होती. काटकुळी, आणि आवाज असा की सगळे तिला चिमणीच म्हणायचे. तिलाही त्याचं काही वाटत नसे, आपल्या कंपासपेटीवर तिने स्वतःच चिमणी काढून ठेवली होती. घरी आई शिवणकाम करायची, दोघींचंच घर. पोरगी भारी चौकस. माझ्या तासालासुद्धा कवितेतला चंद्र पौर्णिमेचा की अष्टमीचा, असलं काहीतरी विचारून मला बेजार करायची. मी तिला गप्प बस म्हणायचे आणि मनातून ती मला फार आवडायची.

विज्ञान प्रदर्शनासाठी तिने रातकिडे निवडले. हवा तापली की रातकिडे भराभर ओरडतात आणि गार झाली की सावकाश, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. ते मोजून पाहायचं तिने ठरवलं. रातकिडे पकडून तिने बरणीत ठेवले, उजेडात ते गप्प होतात म्हणून बरणी सामानाच्या खोलीतल्या लाकडी कपाटात बंद केली आणि आत तापमापक टांगला. बाहेर घड्याळ घेऊन ती उभी राहायची आणि किर्र किर्र मोजायची. कधी सकाळी, कधी मधल्या सुट्टीत, कधी भर दुपारी. डबा तसाच घरी जायचा म्हणून तिची आई माझ्याकडे कुरकुरली होती.

आकडे जमले, आलेख काढला, आणि रेघ आली अगदी सरळ. दादा त्या रेघेवर लट्टू झाला. तो आलेख त्याने घरी आणला आणि जेवताना ताटाशेजारी ठेवून वहिनीला दाखवला. "नववीतल्या मुलीने काढलाय हा," तो म्हणाला. "मी काही सांगितलं नाही, काही केलं नाही." वहिनीने आलेखावर आमटी सांडू नये म्हणून तो उचलून फडताळावर ठेवला. दादा कितीतरी दिवसांनी इतका आनंदात होता की मीही त्या दिवशी त्याची टर उडवली नाही.

प्रदर्शन दुसऱ्या एका मोठ्या शाळेच्या सभागृहात होतं. मुली बरोबर होत्या म्हणून मलाही पाठवलं. चिमणीने इस्त्रीचा गणवेश घातला होता आणि वेण्या इतक्या घट्ट घातल्या होत्या की डोळे ताणले गेले होते. टेबलावर बरणी, तापमापक, आलेखाचा तक्ता आणि आवाज ऐकवायचं छोटं यंत्र. सामानाच्या खोलीतला आवाज तिने त्यात भरून आणला होता.

परीक्षक कॉलेजात शिकवणारे होते, चांगले वयस्कर आणि मृदू बोलणारे. त्यांनी आलेख नीट पाहिला. "फारच सरळ आहे हो," ते म्हणाले. "जिवंत प्राणी इतके शिस्तीत वागत नाहीत. बघू, आवाज ऐकव."

तिने कळ दाबली. किर्र, किर्र, किर्र. परीक्षकांनी यंत्र उचलून कानाशी धरलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"बाळ, हा धातूवर धातू घासल्याचा आवाज आहे. ज्या खोलीत बरणी होती तिथे काही फिरणारं होतं का? पंखा वगैरे?"

आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. सामानाच्या खोलीच्या झरोक्यात एक पंखा होता. मंडळाच्याच जुन्या मुलांनी बसवलेला, उन्हावर चालणारा. ऊन कडक असलं की जोरात, नरम असलं की डुगूडुगू. प्रत्येक फेऱ्याला त्याचं पातं जाळीला घासायचं. व्हरांड्यातून जाता-येता तो आवाज इतकी वर्षं कानावर पडत होता आणि कानाआड होत होता. ऊन वाढलं की हवा तापणार, आणि पंखाही जोरात फिरणार. रेघ सरळ येणार नाही तर काय? पोरीने इतके दिवस तो पंखा मोजला होता. बरणीतले रातकिडे बहुधा पहिल्या दिवसापासून गप्प बसले होते.

चिमणीचा चेहरा पांढरा पडला. शेजारच्या टेबलावरची मुलं खुसखुसायला लागली.

"तुमच्या सरांनी हे ऐकून तपासलं नाही का?" परीक्षकांनी विचारलं. विचारलं तिलाच, पण बघितलं दादाकडे.

दादा तिच्या मागेच उभा होता. परीक्षक हळू बोलत होते आणि सभागृहात कल्ला होता. त्याला एवढंच दिसत होतं की मोठा माणूस त्याच्या विद्यार्थिनीचं यंत्र कानाला लावून मन लावून ऐकतो आहे.

चिमणी म्हणाली, "सरांना मी ऐकवलंच नाही. सर म्हणाले होते ऐकव म्हणून. मीच नाही ऐकवलं. माझी चूक आहे."

आणि दादा हसला. अभिमानाने हसला, त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "छान. असंच पुढे जा."

परीक्षक त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. खुसखुसणारी मुलं आता उघड हसत होती.

मी चिमणीला धरून बाहेर पायऱ्यांवर आणलं. ती रडत नव्हती. "खोटं का बोललीस?" मी विचारलं.

"सरांना ऐकू येत नाही ना, बाई? मला आत्ता कळलं." मग ती म्हणाली, "मी विचारलं होतं त्यांना. सामानाच्या खोलीत. म्हटलं, सर, हा आवाज नक्की कपाटातूनच येतोय ना, मला वरून आल्यासारखा वाटतो. ते छान म्हणाले."

म्हणजे पोरीला शंका आली होती. योग्य वेळी, योग्य जागी, योग्य शंका. दादाने आयुष्यभर मुलांना जे शिकवायचा प्रयत्न केला ते तिने करून दाखवलं होतं, आणि त्याने ते हसून पुसून टाकलं होतं.

दादाला मीच सांगितलं. शाळेत परत आल्यावर, रिकाम्या प्रयोगशाळेत, दार लावून, एकेक शब्द तोडून सांगितलं. पंख्याचं सांगितलं. ती त्याच्यासाठी काय बोलली आणि त्यावर तो काय म्हणाला, तेही सांगितलं. तो सामानाच्या खोलीत गेला आणि झरोक्याखाली उभा राहून वर बघत राहिला. पंखा फिरत होता. मला किर्र किर्र ऐकू येत होतं. त्याला फक्त पातं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपणहून मुख्याध्यापिकाबाईंकडे गेला आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्याने त्यांच्या टेबलावर ठेवल्या. बाईंनी डोळ्याला पदर लावला, पण किल्ल्या परत दिल्या नाहीत. त्यांनी बरोबर केलं. त्याला ग्रंथालयात बसवलं आणि मंडळ एका नव्या शिक्षकाकडे गेलं. नवा पोरगा मेहनती आहे. तो सगळे प्रयोग स्वतः करून दाखवतो आणि मुलं हाताची घडी घालून बघतात. दादाने ग्रंथालयाच्या खिडकीतून ते पाहिलं आणि खुर्ची फिरवून घेतली.

हे सगळं त्याने सोसलं असतं. पण चिमणी मंडळात यायची बंद झाली. वर्गात प्रश्न विचारेना. दहावीनंतर कुठली शाखा घेणार असं मी विचारलं तेव्हा विज्ञान नको म्हणाली. ते कानावर आलं त्या दिवशी दादा जेवला नाही. "तिला परत आणायला हवं," एवढं एकच वाक्य तो धरून बसला. खणातलं यंत्र काढून त्याने कानात घातलं, आणि आम्ही तिच्या घरी गेलो.

एकच खोली. खिडकीशी शिलाई मशीन, पलंगावर बेतलेल्या कपड्यांचे ढीग. तिच्या आईने ढीग सारून आम्हाला बसायला जागा केली आणि ती परत मशीनवर बसली, काम थांबवायची तिला सोय नव्हती. दादाने आडपडदा न ठेवता सांगितलं, "चूक माझी होती. तुझी शंका बरोबर होती. मला ऐकू आलं नव्हतं आणि मी ऐकू आल्याचं नाटक केलं. तू विज्ञान सोडू नकोस." मग तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघत थांबला.

चिमणी खाली बघून बोलली, आणि बोलली माझ्याशी. "बाई, सरांना ऐकू येत नाही ते माहीत नव्हतं तेव्हा ते नुसते हसायचे ना, तर मला वाटायचं माझे प्रश्नच फालतू असतात. उत्तर द्यायच्या लायकीचे नसतात. मग मी घरी जाऊन ठरवायचे की उद्या नाही विचारायचं. आता कोणाला काही विचारायचं म्हटलं की तेच येतं मनात. जातच नाही."

"काय म्हणाली?" दादाने मला विचारलं.

माझ्या मनात आलं, सांगून टाकावं की येईन म्हणते. चिमणी माझ्याकडे बघत होती. मी सांगायला सुरुवात केली, जसंच्या तसं. अर्ध्यात माझा आवाज चिरकून बारीक झाला.

"काय?" दादा पुढे वाकला. "काय म्हणाली? पुन्हा सांग."

मी पुन्हा प्रयत्न केला. आवाज फुटेना. दादा माझ्या तोंडाकडे बघायचा, मग तिच्या, मग परत माझ्या, आणि कोणी त्याला सांगत नव्हतं.

मशीन थांबलं. चिमणीच्या आईचा आवाज घोगरा, जाड होता. सुईखालचं कापड तसंच धरून ती म्हणाली, "ती म्हणते सर, तुमच्यामुळे तिला वाटलं की तिला अक्कल नाही."

ते त्याला पहिल्या खेपेलाच नीट ऐकू आलं.